होड्या शाकारण्यापूर्वी : सामुदायिक सेलिंग क्लबचा हंगाम कसा आवरावा

स्वतःच्या मालकीची होडी असणाऱ्याला तिच्या सगळ्या खोडी तोंडपाठ असतात. कोणता क्लीट (दोर धरून ठेवणारा चाप) जोराच्या वाऱ्यात दोर सोडतो, सुकाणू कोणत्या बाजूला वळवताना अडते, कोणत्या झाकणाखालून पाणी झिरपते, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. क्लबच्या होडीचे तसे नसते. एका हंगामात तिच्यावर पन्नास-साठ जण बसून जातात, प्रत्येकाच्या लक्षात तिची एखादीच खोड येते, ‘पुढच्या वेळी सांगू’ म्हणत तो घरी जातो आणि पुढच्या वेळी त्याच्या वाट्याला दुसरीच होडी येते. हंगाम संपल्यावर होड्या वर ओढून, धुऊन, शाकारून ठेवण्याचे काम बहुतेक क्लब बऱ्यापैकी करतात. या विखुरलेल्या तक्रारी गोळा करण्याचे काम मात्र राहून जाते आणि ते पुढच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी अंगावर येते. म्हणून या लेखात धुण्यापुसण्याइतकेच महत्त्व वहीला दिले आहे.

पुढचा क्रम लिहिताना डिंगी प्रकारच्या लहान होड्या, एखाद-दुसरी रेस्क्यू बोट आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा क्लब एवढे डोळ्यांसमोर ठेवले आहे. कामाला लागण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर ठरवून घ्यावे : बंद काळात आपल्या होड्यांचा मुख्य शत्रू कोण? कडक थंडी असेल, तर बंदिस्त जागेत उरलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि टाकीचे सांधे किंवा इंजिनातले पाण्याचे मार्ग फोडते. लांबलेला पाऊस असेल, तर बुरशी आणि लाकडाचे कुजणे यांची काळजी आधी घ्यावी लागते. ऊन असेल, तर दोर, शिडे आणि प्लास्टिकचे भाग झाकणे पहिले. वादळी वारा असेल, तर बांधणी पहिली. कामे सगळीच करायची असतात, पण हात आणि दिवस अपुरे पडतात तेव्हा काय मागे ठेवायचे हे या उत्तरावर ठरते.

पहिली पायरी : तक्रारींची वही, तीही शेवटच्या फेरीआधी

हंगामाचा शेवटचा दिवस येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक होडीच्या नावाने किंवा क्रमांकाने वहीत एक पान उघडावे आणि तिच्या बूमला (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याला) एक जाड कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावे. पाण्यावरून परत येणाऱ्याने होडी ट्रॉलीवर चढवतानाच त्यावर लिहायचे. ‘होडी कशी वाटली?’ असे विचारले, तर ‘छान’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी तीन नेमके प्रश्न छापावेत : काय अडकले, काय सुटले, पाणी कुठून आले.

सदस्यांच्या नोंदींवर मात्र थांबू नये. शेवटच्या एक-दोन दिवशी दोन अनुभवी माणसांनी प्रत्येक होडी मुद्दाम तपासणीसाठी वीस-पंचवीस मिनिटे चालवावी, कारण कित्येक दोष ताण पडल्याशिवाय दिसतच नाहीत. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या होडीचे सुकाणू घट्ट वाटते आणि वाऱ्यात धरले की त्याच्या बिजागऱ्यांतला खुळखुळाट हाताला जाणवतो. मेनशीटचा (मुख्य शीड ओढून धरणाऱ्या दोराचा) रॅचेट ब्लॉक, म्हणजे ताण आला की एकाच बाजूला फिरणारी कप्पी, कोरड्यात दोन्ही बाजूंना फिरतो, यात काही वावगे नाही; ताणाखालीही तो तसाच मोकळा फिरला, तर तो गेला. डोलकाठीचा पाया हलतो का, डॅगरबोर्ड (होडीच्या तळातून खाली सरकवायची फळी) त्याच्या खाचेत डुगडुगतो का, सेल्फ-बेलर (चालत्या होडीतले पाणी बाहेर काढणारी तळाची झडप) बंद असताना पाणी आत येते का, हे सगळे चालत्या होडीतच पाहायचे. फेरी संपवून होडी वर घेतल्याबरोबर मागचा बंग (पाणी काढण्याच्या भोकाचे बूच) उघडावा आणि आतून येणारे पाणी मगात धरून मोजावे. ‘थोडे पाणी येते’ आणि ‘वीस मिनिटांत दोन लिटर येते’ या दोन नोंदींपैकी दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाची कोणती, हे उघड आहे.

‘जड चालते’ ही तक्रार सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, कारण ती चालवणाऱ्याच्या कौशल्यावर ढकलता येते. आमच्या क्लबात एका शिकाऊ होडीबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांनी असे लिहिले होते आणि आम्ही त्यावर हसून घेतले होते. पुढच्या वर्षी तीच होडी उलटी झाल्यावर एका बाजूला कलून राहू लागली, तेव्हा लक्षात आले की तिच्या टाकीतला फोम स्पंजासारखा भिजला आहे. तेव्हापासून अशी तक्रार आली की आम्ही होडी सरळ वजनकाट्यावर घेतो. मुलांच्या ऑप्टिमिस्टसारख्या होडीच्या हलचे (म्हणजे नुसत्या धडाचे) किमान वजन वर्ग-नियमांनुसार ३५ किलो ठरलेले असल्याने तुलना सोपी जाते. इतर होड्यांच्या बाबतीत त्याच बनावटीची दुसरी होडी शेजारी ठेवून दोघींचे वजन करावे.

माणसांची वाटणी

आवराआवरीसाठी एकच मोठा दिवस ठेवण्यापेक्षा एक आठवडा सोडून दोन दिवस ठेवलेले बरे. पहिल्या दिवशी होड्या उघड्या करून धुवायच्या, दुसऱ्या दिवशी वाळलेले सामान तपासून ठेवायचे. एकाच दिवशी सगळे उरकायचे म्हटले की ओली शिडे पिशव्यांत जातात, हे ठरलेलेच.

होडी धुण्यासाठी होडीगणिक तीन-चार जणांची तुकडी चालते. तारा, शिडे आणि लाइफ जॅकेटे यांची तपासणी मात्र तुकड्यांत वाटू नये. प्रत्येक प्रकारासाठी एकच जोडी नेमून तिच्याकडून संपूर्ण ताफ्याची तपासणी करून घ्यावी. दहा होड्यांच्या तारा एकापाठोपाठ एक पाहिल्या की अकराव्या होडीतला फरक आपोआप खटकतो. नवख्यांना आणि मुलांना दोर धुणे, खुणेच्या चिठ्ठ्या बांधणे, बारीक सामान मोजणे ही कामे द्यावीत, पेट्रोलच्या जवळपास मात्र त्यांना फिरकू देऊ नये.

उघडताना

कोणताही दोर सोडण्याआधी होडीचे चार-पाच फोटो काढावेत, विशेषतः दोर कोणत्या ब्लॉकमधून कसा फिरतो ते दिसेल असे. सहा महिन्यांनी व्हँगची (बूम खाली ओढून धरणाऱ्या दोरांची) गुंतागुंत आठवणारा माणूस त्या दिवशी क्लबात असेलच असे नाही. हॅलयार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) काढताना त्याच्या टोकाला बारीक सुतळी घट्ट शिवून किंवा टेपने गुंडाळून ती डोलकाठीच्या आतून ओढून घ्यावी आणि दोन्ही टोके बाहेर बांधून ठेवावीत. ही सुतळी विसरली, तर पुढच्या हंगामात पोकळ डोलकाठीतून दोर ओवण्यात अर्धा दिवस जातो. सुटे शॅकल, पिना, रिंगा आणि बंग एका कापडी पिशवीत घालून तिच्यावर होडीचा क्रमांक लिहावा आणि ती पिशवी त्याच होडीच्या बूमला बांधावी. सगळ्या होड्यांचे सामान एका डब्यात ‘व्यवस्थित’ ठेवण्याचा मोह आवरावा. त्या डब्यातून योग्य पिन कधीच सापडत नाही.

धुणे

खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या होड्यांसाठी गोडे पाणी हेच खरे औषध आहे. वाळलेले मीठ निरुपद्रवी दिसते, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते आणि होडी कोरड्या छपराखाली असूनही तिचे सांधे, ब्लॉक आणि तारा खाऱ्या ओलाव्यात बसून राहतात. म्हणून नुसते पाणी शिंपडून भागत नाही. ब्लॉक हाताने फिरवत, क्लीटचे दात उघडझाप करत, सुकाणूच्या खाचेत आणि डॅगरबोर्डच्या चौकटीत नळी घालून भरपूर पाणी वाहू द्यावे. हलसाठी सौम्य साबण आणि मऊ स्पंज पुरतो. उच्च दाबाचा पंप वापरायचाच असेल, तर तो झाकणांच्या रबरी कडा, ट्रॉलीच्या चाकांचे बेअरिंग आणि सुटू लागलेला रंग यांच्यापासून दूर ठेवावा.

गोड्या पाण्याच्या क्लबांना मिठाची भीती नसली, तरी शेवाळ आणि चिकटून येणारे जीव यांची असते. हंगामात दुसऱ्या तलावावर जाऊन आलेल्या होड्या, ट्रॉल्या आणि दोर धुऊन पूर्ण वाळवावेत, अडकलेल्या वनस्पती हाताने काढाव्यात आणि टाक्यांतले पाणी जमिनीवरच सोडावे. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांत पहिल्यांदा १९८० च्या दशकात मोठ्या जहाजांच्या पाण्यातून आले, पण तिथून आसपासच्या लहान तलावांत ते पोचले यात एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेल्या जाणाऱ्या लहान होड्यांचाही हात होता.

शिडे

क्लबच्या मालमत्तेत सर्वांत लवकर खराब होणारी आणि सर्वांत जास्त हेळसांड होणारी वस्तू म्हणजे शीड. बहुतेक शिकाऊ होड्यांची शिडे डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाची असतात. हे कापड वाऱ्यात कडक राहावे म्हणून त्यावर राळेचे लेपन असते आणि ते लेपन घड्यांनी, फडफडण्याने आणि घासण्याने मोडते. म्हणून शीड वाळवण्यासाठी ते डोलकाठीवर चढवून वाऱ्यात फडफडत ठेवणे ही फार प्रचलित आणि फार चुकीची सवय आहे. कोमट किंवा साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ ब्रशाने शीड धुवावे, साबण निघेपर्यंत खळाळून घ्यावे आणि सावलीत, शक्यतो छपराखाली, दोरीवर सैल टांगून वाळवावे. कपडे धुण्याचे यंत्र शिडासाठी नाही.

बुरशीचे काळे ठिपके पॉलिस्टर खात नाहीत. कापडात बसलेली धूळ, मळ आणि ओलावा यांवर ती वाढते. ठिपके एकदा पडले की पूर्ण जात नाहीत. क्लोरीनचे ब्लीच लावून ते घालवण्याचा प्रयत्न नायलॉनच्या किंवा ॲरॅमिड धाग्यांच्या शिडावर कधीही करू नये, कारण तो धागाच कमकुवत होतो. स्पिनेकर (मागून वारा असताना लावायचे मोठे फुगीर शीड) नायलॉनचा असतो. ऊन त्याला पॉलिस्टरपेक्षा लवकर खाते आणि तो ओला ठेवला, तर एका पट्ट्याचा रंग दुसऱ्यात उतरतो.

वाळलेले शीड स्वच्छ फरशीवर पसरून दोघांनी दोन्ही बाजूंनी गुडघ्यांवर सरकत पाहावे. नजर आधी शिवणीवर ठेवावी. डॅक्रॉन कडक असल्याने शिवणीचा धागा कापडात रुतत नाही, वर उचललेला राहतो आणि ऊन, घर्षण यांचा मार आधी त्यालाच बसतो. शिवणीवरून अंगठ्याचे नख जरा दाबून ओढावे : टाके जागचे हलले नाहीत, तर ठीक, पण धागा भुगा होऊन तुटू लागला, तर कापड कितीही पांढरेशुभ्र दिसत असले, तरी ती शिवण पुन्हा घालून घ्यावी लागणार. त्यानंतर तिन्ही कोपऱ्यांची जाड ठिगळे, बॅटनच्या (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) खिशांची टोके, पारदर्शक खिडकीच्या कडा आणि डोलकाठीवर चढणाऱ्या बाहीची आतली बाजू पाहावी. दोषाच्या जागी पेनाने खूण करू नये. रंगीत कागदी टेपचा तुकडा चिकटवावा आणि वहीत ‘मेनसेल, खालून दुसरे बॅटन, आतले टोक फाटले’ असे नेमके लिहावे.

बॅटन काढून ठेवावेत, निदान त्यांचा ताण तरी सोडावा. शीड वरच्या टोकापासून गुंडाळत आणून नळीसारखे करणे ही सर्वांत चांगली पद्धत. तेवढी लांबीची जागा नसेल, तर डॅक्रॉनच्या शिडाची सैल चुणीघडी चालते, फक्त गेल्या वर्षीच्याच घडीवर पुन्हा घडी पडू देऊ नये. मायलारच्या (प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याच्या) थरांचे शीड मात्र गुंडाळायचेच, घडी घालायची नाही. पिशव्या जमिनीवर न रचता टांगाव्यात, कारण उंदरांना शिडाच्या पिशवीसारखे घरटे दुसरे मिळत नाही.

हल आणि हवेच्या टाक्या

होडी रिकामी झाली की आधी सगळे बंग काढावेत, तपासणीची गोल झाकणे उघडावीत आणि संपूर्ण बंद काळात ती तशीच उघडी ठेवावीत. झाकण लावलेल्या टाकीत कपभर पाणी राहिले, तरी दिवसा तापून त्याची वाफ होते, रात्री ती वरच्या भागावर साठते आणि प्लायवूड किंवा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. उघडी टाकी पाहून कुणीतरी ‘काळजीपोटी’ झाकण लावून टाकतो, म्हणून तिथे ‘मुद्दाम उघडे ठेवले आहे’ अशी चिठ्ठी लावावी.

वहीत ‘पाणी येते’ अशी नोंद असलेल्या होडीची गळती शोधण्यासाठी टाकीची बाकी तोंडे बंद करून एका तोंडात नळी बसवावी, सांध्यांवर साबणाचे पाणी फासावे आणि एकाने नळीतून तोंडाने हलकेच हवा भरावी. बुडबुडे जिथे येतील तिथे गळती आहे. हवा भरायला कॉम्प्रेसर वापरू नये. फक्त ०.१ बार दाब एक चौरस मीटर डेकवर पडला, तरी त्याचे बल सुमारे एक टन वजनाइतके होते आणि होडीचा डेक तेवढ्यासाठी बांधलेला नसतो. गळती बहुधा हलच्या अंगात नसते. फिटिंगच्या स्क्रूखाली, सेल्फ-बेलरच्या कडेला किंवा हल आणि डेक यांच्या सांध्यात असते.

फायबरग्लासच्या हलवरचे खोल ओरखडे, ज्यांतून आतले तंतू दिसू लागले आहेत, ते पूर्ण वाळल्यावरच जेलकोटने (हलच्या बाहेरच्या चकचकीत थराच्या द्रव्याने) भरावेत. ओल्यावर भरलेला जेलकोट ओल आत कोंडतो. लाकडी होडीचे उघडे पडलेले लाकूड मात्र पुढच्या हंगामापर्यंत तसे ठेवू नये. निदान वार्निशचा एक हात तरी आत्ताच द्यावा.

डोलकाठी आणि तारा

डोलकाठीला धरून ठेवणारी तार बहुतेक वेळा १×१९ प्रकारची असते, म्हणजे एका मधल्या तंतूभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा असे एकोणीस जाड तंतू. ती तपासायची रीत अशी : डोलकाठी कमरेइतक्या उंचीच्या दोन घोड्यांवर आडवी ठेवावी, जुन्या सुती बनियनचा तुकडा तारेभोवती सैल धरावा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढत न्यावा. कापड सरसर पुढे जाते आणि मग एखाद्या ठिकाणी, बहुधा तार जिथे दाबून बसवलेल्या टोकात शिरते त्याच्या अलीकडे, ते किंचित अडते आणि बनियनचा एक धागा मागे राहतो. तिथे एक तंतू तुटलेला असतो. डोळ्यांना तो भिंगाशिवाय क्वचितच दिसतो. हे काम उघड्या हाताने करू नये, कारण तो तंतू सुईसारखा बोटात शिरतो. एक तंतू तुटला की ती तार बदलायची, ‘अजून अठरा आहेत’ असा हिशेब करायचा नाही. ज्या कारणाने एक तुटला त्याच कारणाने शेजारचेही थकलेले असतात.

टोकाच्या तोंडाशी चहासारखा तपकिरी डाग दिसला, तर पुसून पुन्हा पाहावे. स्टेनलेस स्टीलचे गंजापासूनचे संरक्षण पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरावर अवलंबून असते आणि हवा न पोचणाऱ्या खाऱ्या फटीत तो थर टिकत नाही. पुसल्यावर गेलेला डाग वरवरचा असतो. फटीतून पुन्हा उतरू लागलेला डाग आतल्या गंजाचा. तारा दिसायला धडधाकट असल्या, तरी दहा वर्षांनी बदलाव्यात हा सर्वसाधारण ठोकताळा आहे आणि रोज वापरल्या जाणाऱ्या क्लबच्या होडीसाठी मी तर त्याच्याही आधीची मुदत धरीन. वाकलेल्या किंवा खाच पडलेल्या पिना फेकून द्याव्यात. बारीक रिंगा दर वर्षी नव्या घ्याव्यात, त्या सर्वांत स्वस्त असतात आणि डोलकाठी कोसळण्याचे कारण पुष्कळदा त्याच ठरतात.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा रिव्हेट किंवा स्क्रू जिथे बसतो तिथे पांढरी भुकटी आणि रंगाला आलेले फोड दिसतात. दोन वेगळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. असा रिव्हेट काढून, जागा साफ करून, दोन धातूंच्या मध्ये विलग करणारी पेस्ट लावून नवा बसवावा. दोन तुकड्यांच्या डोलकाठीत सांध्याच्या कॉलरचा रिव्हेट विशेष निरखून पाहावा, कारण भोकाची ती जागा मुळातच कमजोर असते. तपासलेल्या डोलकाठ्या किमान तीन आधारांवर आडव्या ठेवाव्यात आणि तारा मोठ्या वेटोळ्यांत सैल बांधाव्यात. ओले दोर त्यांच्याभोवती गुंडाळू नयेत.

दोर

दोर कोमट साबणपाण्यात रात्रभर भिजवून, खळाळून, सावलीत वाळवावेत. एकेक दोर बोटांतून सरकवत न्यावा : मध्येच पातळ झालेला, चपटा पडलेला किंवा काडीसारखा कडक लागला, तर तिथे आतला गाभा बिघडलेला आहे. क्लीट नेहमी एकाच जागी चावत असल्याने झीज तेवढ्याच हातभर भागात असते. अशा वेळी दोर टाकून न देता त्याची टोके उलटसुलट करून घेतली, तर चावण्याची जागा बदलते आणि दोर आणखी एक हंगाम काढतो.

लाइफ जॅकेटे

इथे काटकसर नाही. फोमची जॅकेटे धुऊन, टांगून, हीटरपासून दूर वाळवावीत आणि त्यांचे पट्टे, बकल, शिवण पाहावी. फोम दाबून पाहावा : बोट उचलल्यावर तो लगेच वर आला पाहिजे. लहान होड्यांसाठी प्रचलित असलेल्या ५० न्यूटनच्या जॅकेटने सुमारे पाच किलो वजन तरंगते ठेवायला हवे. पाण्यात तोलल्यावर तेवढे भरेल असे लोखंडी वजन बांधून पाण्यात सोडले की जुन्या, चेपलेल्या जॅकेटांची निवड आपोआप होते. नापास जॅकेट ‘पाहुण्यांसाठी’ बाजूला ठेवू नये. त्याचे पट्टे तिथल्या तिथे कापून टाकावेत, म्हणजे ते कुणी परत खुंटीवर लावणार नाही.

हवेने फुगणाऱ्या जॅकेटाचा सिलिंडर काढून नाजूक काट्यावर तोलावा आणि त्यावर कोरलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहावा. दोन ग्रॅमपेक्षा जास्त तूट असेल, तर तो बदलावा. जॅकेट पंपाने फुगवून पूर्ण दिवसभर ठेवावे. तोंडाने फुगवल्यास आत ओलावा जातो. आपोआप उघडणाऱ्या यंत्रणेवरची मुदत पुढच्या हंगामाच्या मध्यात संपत असली, तर तिचे सुटे भाग आत्ताच मागवावेत.

रेस्क्यू बोट आणि इंजिन

आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याची नळी जोडून दहा-पंधरा मिनिटे चालवावे. थर्मोस्टॅट गरम होऊन उघडला तरच पाणी आतल्या सगळ्या वाटांनी फिरते, म्हणून दोन मिनिटांची घाई उपयोगाची नाही. मागच्या बारीक छिद्रातून येणारी पाण्याची धार मंदावली असेल, तर पंपाचा रबरी पंखा बदलायला झाला आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल आत्ता बदलावे, पुढच्या हंगामात नव्हे, कारण वापरलेल्या तेलातली आम्ले बंद काळात आतल्या भागांवर बसून राहतात. गिअरचे तेल भांड्यात काढून पाहावे : ते दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी शिरते आहे. प्रोपेलर काढून दांड्यावर गुंतलेली मासेमारीची दोरी कापावी, ग्रीस लावावे आणि अर्ध्याहून जास्त झिजलेला ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बदलावा. इंजिन उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते.

पेट्रोल काही महिन्यांत बिघडते आणि इथेनॉलमिश्रित असेल, तर ओलावाही ओढते. कार्ब्युरेटरमधले इंधन चालवून संपवावे, सुट्या टाक्या रिकाम्या कराव्यात. क्लबच्या खोलीत पेट्रोल साठवू नये. बॅटरी काढून घ्यावी. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली आली की पुन्हा चार्ज करावी, आणि हे दर महिन्याला पाहावे. किल कॉर्ड (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) ओढल्यावर इंजिन खरोखर बंद पडते का, हे शेवटचे इंजिन चालवतानाच तपासून घ्यावे.

मार्क, साखळ्या, ट्रॉल्या

शर्यतीच्या खुणांचे फुगे उचलून धुवावेत आणि थोडी हवा ठेवून आत ठेवावेत. नांगराच्या साखळीची झीज तळाला टेकून सतत घासणाऱ्या कड्यांत सर्वांत जास्त असते, म्हणून माप तिथेच घ्यावे. ट्रॉलीच्या चाकांत ग्रीस भरावे, सपाट टायरांत हवा.

ठेवणे आणि बांधणे

होडीचे वजन तिच्या मजबूत भागांवर पडले पाहिजे. फोमचा गाभा असलेले हल ट्रॉलीच्या एका अरुंद पट्टीवर महिनोन्‌महिने ठेवले, तर त्याला कायमचा खळगा पडतो. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या होड्या उन्हात तापून आधाराच्या आकाराने वाकतात. रुंद, मऊ आधार द्यावेत किंवा होडी कडांवर उलटी ठेवावी. सरळ ठेवल्यास पुढचे टोक उंच ठेवावे, म्हणजे पाणी उघड्या बंगमधून वाहून जाईल.

कव्हर ताणलेले आणि मधोमध उंच असावे. एक मीटर लांब-रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल पाणी साचले की त्याचे वजन १०० किलो होते, एवढे लहान होडीच्या डेकवर कुणी जाणूनबुजून ठेवणार नाही. टोकांकडून हवा खेळती राहावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून होडी ट्रॉलीला बांधून भागत नाही. ती जमिनीत रोवलेल्या कड्याला दोन बाजूंनी बांधावी, पट्ट्याखाली जाड कापड घालावे आणि डोलकाठ्या उतरवून ठेवाव्यात.

पुन्हा वहीकडे

दोन्ही दिवसांचे काम झाले की वहीतली प्रत्येक नोंद तीन गटांत टाकावी : पाण्यात उतरण्याआधी झालेच पाहिजे, हंगाम चालू असताना केले तरी चालेल, आणि नुसते दिसायला वाईट. क्लबांची प्रवृत्ती तिसऱ्या गटाला आधी हात घालण्याची असते, कारण रंग लावणे आनंदाचे काम आहे आणि लावलेला रंग सगळ्यांना दिसतो. पहिल्या गटातल्या प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख लिहावी. ‘समिती’ असे लिहिलेले काम होत नाही. तारा, शिडांची शिवण आणि इंजिनाचे भाग यांची मागणी बंद काळाच्या सुरुवातीलाच नोंदवावी. हंगाम तोंडावर आल्यावर कारागिरांकडे सगळ्यांचीच गर्दी असते.

त्याच बैठकीत हंगामात झालेले लहान-मोठे अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग वाचावेत, सदस्यांकडे राहिलेल्या किल्ल्या आणि सामान परत मागवावे, विम्याची आणि अग्निशामकाची मुदत पाहावी. मग बंद काळातल्या फेऱ्यांचे वेळापत्रक लावावे : दर महिन्याला दोघे जण, आणि त्याशिवाय प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांनी कव्हरवरचे पाणी, पट्ट्यांचा ताण, टाक्यांची झाकणे, बॅटरीचे व्होल्ट आणि शिडांच्या पिशव्यांखालची उंदरांची लेंडी एवढेच पाहायचे आणि त्याच वहीत तारीख घालून लिहायचे. वही कुणाच्या घरी नेऊ नये. दरवाजाच्या आत खिळ्याला टांगावी आणि तिच्याच दोरीला एक पेन्सिल बांधावी, कारण दमट खोलीत पेन ऐनवेळी उठत नाही.